पाच इंच पाणी आणि एक रुमाल : ब्रिटनच्या सरकारी माहितीपटांची ओळख

१९४२ साली ब्रिटनमधील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी एक छोटी फिल्म दाखवली गेली. एक स्थूल, काहीसे गोंधळलेले गृहस्थ बाथटबमध्ये बसले आहेत आणि टबात पाणी आहे जेमतेम पाच इंच. तेवढ्या पाण्यात नीट आंघोळ होते, हे या फिल्मला सांगायचे होते. पाणी तापवायला कोळसा किंवा कोळशापासून बनवलेला गॅस लागे आणि तोच कोळसा शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांना हवा होता. लाखो घरांनी टब अर्धा भरण्याऐवजी पाच इंच भरला तर वाचणारे इंधन लहानसहान नव्हते. राजे सहावे जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यातल्या टबांवरही पाण्याच्या मर्यादेची रेघ आखून घेतली होती. त्याच वर्षी पाहुणी म्हणून आलेल्या अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या ती नजरेस पडली.

एखाद्या लोकशाही देशातल्या सरकारने नागरिकाच्या न्हाणीघरापर्यंत जावे, त्याला पाण्याची पातळी सांगावी आणि त्याने ते हसतहसत ऐकावे, हे साधे काम नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत अशा फिल्म मोठ्या संख्येने तयार झाल्या. काही पंधरा सेकंदांच्या होत्या, काही पाच मिनिटांच्या, तर काही तासभर चालणाऱ्या. त्यांना तिकडे 'पब्लिक इन्फर्मेशन फिल्म' म्हणतात. त्या कोण बनवत असे, लोकांपर्यंत कशा पोचत आणि त्यांतल्या काही परिणामकारक का ठरल्या, हे या लेखात पाहू. माझे मत आधीच मांडतो. या फिल्मचे यश छायाचित्रणावर किंवा आवाजावर फारसे अवलंबून नव्हते. पाहणाऱ्याला घरी गेल्यावर करता येईल अशी एकच नेमकी कृती जिथे सांगितली गेली, तिथे फिल्म लागू पडली. जिथे तशी कृतीच नव्हती, तिथे ती उपदेश तरी झाली किंवा भीती तरी.

या कामाची सुरुवात युद्धाच्या दहा-बारा वर्षे आधी झाली. १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्यातल्या मालाच्या विक्रीला चालना देण्यासाठी 'एम्पायर मार्केटिंग बोर्ड' स्थापन केले. त्याच्यासाठी जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश माणसाने उत्तर समुद्रातल्या हेरिंग मासेमारीवर 'ड्रिफ्टर्स' हा मूकपट १९२९ मध्ये तयार केला. सामान्य माणसाचे रोजचे काम पडद्यावर पाहण्यासारखे असते, असा ग्रिअर्सनचा विश्वास होता आणि त्याने आपल्याभोवती तरुण दिग्दर्शकांचा एक गट उभा केला. १९३३ मध्ये बोर्ड बंद झाल्यावर हा गट टपाल खात्याच्या आश्रयाला गेला आणि 'जीपीओ फिल्म युनिट' म्हणून ओळखला जाऊ लागला. टपाल खात्याकडे चित्रपट विभाग असावा हे आज नवल वाटते, पण त्या काळी टेलिफोन, तार आणि बचत बँक हे सारे त्याच खात्याकडे होते आणि लोकांना या सोयी वापरायला शिकवणे ही त्याची खरी गरज होती. त्यामुळे युद्ध सुरू झाले तेव्हा सरकारच्या हाताशी चित्रीकरणाचा अनुभव असलेली माणसे तयार होती. १९४० मध्ये याच युनिटचे नाव 'क्राउन फिल्म युनिट' झाले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि लगेच 'मिनिस्ट्री ऑफ इन्फर्मेशन' हे माहिती मंत्रालय कामाला लागले. त्याचे कार्यालय लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस या उंच, पांढऱ्या इमारतीत होते. या मंत्रालयाची पहिली दोन वर्षे फार अवघड गेली. लॉर्ड मॅकमिलन, जॉन रीथ, डफ कूपर असे मंत्री एकामागून एक बदलले आणि १९४१ च्या जुलैमध्ये ब्रेंडन ब्रॅकन आल्यावर कुठे घडी बसली. सुरुवातीला मंत्रालयाला लोकांचा अंदाजच नव्हता. बॉम्बहल्ले सुरू झाले की जनता घाबरून सैरावैरा होईल, असे गृहीत धरून तिला धीर देणारी भाषा वापरली जात होती. लोकांना मात्र धीराच्या शब्दांपेक्षा नेमकी माहिती हवी होती. ब्लॅकआउटचे पडदे कसे लावायचे, आग लावणारा बॉम्ब छपरावर पडला तर तो कसा विझवायचा, रेशनकार्ड हरवले तर कुठे जायचे, हे त्यांचे प्रश्न होते. मंत्रालयाच्या फिल्म विभागाची सूत्रे १९४० मध्ये जॅक बेडिंग्टन यांच्याकडे आली. ते शेल या तेल कंपनीत जाहिरातीचे काम पाहत असत. उत्तम कलावंत हेरून त्यांना मोकळीक द्यायची, ही तिथली सवय त्यांनी सरकारी कामातही चालू ठेवली.

फिल्म तयार होण्याची पद्धत साधारण अशी होती. अन्न, इंधन, आरोग्य किंवा युद्धविषयक खाते आपली गरज माहिती मंत्रालयाला कळवी. मग फिल्म विभाग ठरवी की हे काम क्राउन युनिटने करावे की बाहेरच्या एखाद्या छोट्या निर्मिती संस्थेकडे द्यावे. कथानक लिहून झाले की ते संबंधित खात्याकडे तपासायला जाई. इथेच पुष्कळ चांगल्या कल्पना अडत, कारण प्रत्येक अधिकाऱ्याला आपला एखादा मुद्दा त्यात घालायचा असे. ज्या दिग्दर्शकाला हे जादाचे मुद्दे परतवता येत, त्याची फिल्म चांगली होई.

ती लोकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा आणि कमी चर्चिला जाणारा भाग आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये साडेचार हजारांहून अधिक चित्रपटगृहे होती आणि युद्ध संपेपर्यंत दर आठवड्याला सुमारे तीन कोटी तिकिटे विकली जाऊ लागली होती. दूरचित्रवाणीचे नुकतेच सुरू झालेले प्रक्षेपण युद्धामुळे बंद केलेले होते. चित्रपटगृहांच्या मालकांच्या संघटनेशी सरकारने समझोता केला आणि १९४० च्या उन्हाळ्यापासून दर आठवड्याला एक पाच मिनिटांची फिल्म मोफत दाखवण्याचे मालकांनी मान्य केले. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका मिनिटाला नव्वद फूट लागतात, म्हणजे ही फिल्म साडेचारशे फुटांच्या आसपासची झाली, मुख्य कार्यक्रमाला धक्का न लावता सहज बसणारी. १९४२ मध्ये ही योजना बदलून महिन्याला एक पंधरा मिनिटांची फिल्म असे ठरले. शिवाय प्रोजेक्टर, पडदा आणि गरज पडल्यास वीजजनित्र घेऊन फिरणाऱ्या शंभराहून अधिक गाड्या होत्या. कारखान्याच्या उपाहारगृहात जेवणाच्या सुट्टीत, खेड्याच्या सभागृहात, महिला मंडळाच्या बैठकीत १६ मिलिमीटरच्या फिती लावून खेळ होत. खेळानंतर प्रेक्षक प्रश्न विचारत. गाडीबरोबर आलेल्या माणसाला उत्तरे द्यावी लागत आणि तो लोकांचे म्हणणे वर कळवत असे.

हा समझोता परस्परसंमतीचा होता, याकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण त्याच काळात आपल्याकडे वेगळा मार्ग निवडला गेला. १९४० मध्ये मुंबईत 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड' स्थापन झाले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते, ब्रिटनहून अलेक्झांडर शॉ हे माहितीपटकार आले आणि पुढे काही काळ व्ही. शांताराम यांनीही या मंडळाचे काम पाहिले. १९४३ मध्ये त्याच्या जागी 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' आली आणि एझरा मीर तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत एक कलम घालून प्रत्येक चित्रपटगृहाने प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे, असे बंधन आले. दोन हजार फूट म्हणजे सुमारे बावीस मिनिटे. 'चले जाव'च्या दुसऱ्याच वर्षी, नेते तुरुंगात असताना, परक्या सरकारच्या युद्धाची बावीस मिनिटे सक्तीने पाहावी लागणाऱ्या प्रेक्षकाला त्यांतली चांगली फिल्मसुद्धा गोड लागणार नव्हती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९४६ मध्ये ही संस्था बंद झाली. १९४८ मध्ये मुंबईतच फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि सक्तीने दाखवण्याची पद्धतही मागोमाग परत आली. मुख्य चित्रपटाआधी समाचारचित्र आणि माहितीपट पाहत मोठ्या झालेल्या आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवाचे मूळ असे युद्धकाळातल्या एका नियमात आहे.

पुन्हा ब्रिटनकडे वळू. पहिल्या वर्षातल्या फिल्ममध्ये मंत्रालय चाचपडत होते, याचे चांगले उदाहरण १९४० सालची 'मिस ग्रँट गोज टू द डोअर' ही आहे. फ्रान्स पडला होता आणि हवाई छत्रीने जर्मन सैनिक उतरतील अशी धास्ती होती. एका खेड्यात राहणाऱ्या दोन प्रौढ बहिणींच्या दारात ब्रिटिश अधिकाऱ्याच्या गणवेशातला एक अनोळखी माणूस येतो आणि वाट विचारतो. बोलता बोलता तो 'जार्व्हिस क्रॉस' या जागेचे नाव 'यार्व्हिस क्रॉस' असे उच्चारतो. जर्मन भाषेत J या अक्षराचा उच्चार 'य' होतो, हे एका बहिणीच्या ध्यानात येते आणि ती त्याला पिस्तूल दाखवून रोखून धरते. गोष्ट म्हणून हे छान रंगते. नकाशे कुलूपबंद ठेवा, सायकल निकामी करून ठेवा, अनोळखी माणसाला वाट सांगू नका, अशा कामाच्या सूचना त्यात आहेत, पण त्या इतक्या आणि इतक्या भराभर येतात की प्रेक्षकाच्या लक्षात राहतो तो थरार. शिवाय घरात पिस्तूल हाताशी असणाऱ्या बहिणी किती असतील, हा प्रश्न कुणालाही पडावा. 'मास ऑब्झर्व्हेशन' या संस्थेचे निरीक्षक त्या काळात चित्रपटगृहांत बसून प्रेक्षक कधी हसतात, कधी कुजबुजतात याच्या नोंदी करत असत आणि सरकारी फिल्मवर लोक काय म्हणतात हेही टिपून ठेवत. अशा नोंदींमुळे हा काळ आपल्याला सरकारच्या बाजूनेच नव्हे, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाजूनेही वाचता येतो.

पाच इंच पाण्यात बसलेले ते गृहस्थ म्हणजे रिचर्ड मॅसिंगहॅम. माझ्या मते या सबंध चळवळीतला सर्वांत समजदार माणूस हाच. ते पेशाने डॉक्टर होते आणि लंडनच्या ताप-रुग्णालयात वरिष्ठ पदावर होते. १९३४ मध्ये त्यांनी दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या भीतीवर स्वतःच एक छोटी फिल्म केली. पुढे वैद्यकी सोडून त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सरकारसाठी कितीतरी फिल्म केल्या. त्यांतल्या अनेकांत मुख्य भूमिका त्यांनीच वठवली.

त्यांची १९४५ सालची 'कफ्स अँड स्नीझेस' जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. ती दीड मिनिटाच्या आसपासची आहे. सुरुवातीला दुसऱ्याला त्रास देण्यात मजा मानणारी काही माणसे दिसतात. मग निवेदक म्हणतो की या सर्वांपेक्षा उपद्रवी माणूस पुढेच आहे, आणि आपल्याला मॅसिंगहॅम दिसतात, तोंडापुढे काहीही न धरता लोकांच्या अंगावर मोकळेपणाने शिंकणारे. निवेदक त्यांना पकडतो आणि त्यांची शिकवणी सुरू होते. शिंक आली की रुमाल काढायचा, नाकातोंडावर धरायचा, मग शिंकायचे. ते चुकतात, पुन्हा करतात, पुन्हा चुकतात. कवायतीसारखे हे चालते आणि शेवटी त्यांना ते जमते. त्यानंतर वापरलेला रुमाल जंतुनाशकाच्या भांड्यात टाकायचा, एवढेच शिकायचे उरते.

यातली कारागिरी पाहा. जंतू कसे पसरतात याचे शास्त्र जवळजवळ नाही. मृत्यूचे आकडे नाहीत. युद्धामुळे कारखान्यांत एकेक हात मोलाचा आहे आणि सर्दी-फ्लूने लाखो दिवसांचे काम बुडते, ही खरी काळजी होती, पण तीही प्रेक्षकाच्या डोक्यावर लादलेली नाही. एक माणूस, एक रुमाल आणि तीन टप्प्यांची एक कृती, एवढ्यावर सारे उभे आहे. चूक करणारा माणूस दुष्ट नाही, तो फक्त वेंधळा आहे, आणि वेंधळेपणा सुधारता येतो. पडद्यावरच्या माणसाला हसताना प्रेक्षकाला आपलाही थोडा वेंधळेपणा आठवतो, पण त्याचा अपमान होत नाही. डॉक्टर म्हणून रोज रुग्णांशी बोलताना मॅसिंगहॅम यांना हे उमगले असावे असे मला वाटते. रुग्णाला लाज वाटली की तो खरे सांगत नाही आणि औषधही नीट घेत नाही. कोविडच्या काळात कोपरात शिंका हे वाक्य ऐकून आपले कान किटले, तरी एकाही सूचनेत इतकी आपुलकी मला आढळली नाही.

अन्न मंत्रालयाच्या 'फूड फ्लॅश' तर याहून लहान होत्या. वार्तापटाला जोडून त्या दाखवल्या जात. रेशनिंग ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर या तीन वस्तूंपासून सुरू झाले होते आणि नियम सतत बदलत. गहू जहाजाने येई आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवत, म्हणून देशात पिकणारे बटाटे आणि गाजरे जास्त खा, पाव वाया घालवू नका, या आठवड्यात अमुक कुपनावर अमुक मिळेल, असा एकेकच मुद्दा एकेका फ्लॅशमध्ये असे. कार्टूनचाही वापर झाला. बुडापेस्टहून आलेले जॉन हलास आणि त्यांच्या ब्रिटिश सहकारी व पुढे पत्नी झालेल्या जॉय बॅचलर यांनी १९४० मध्ये स्टुडिओ काढला. त्यांच्या 'डस्टबिन पॅरेड'मध्ये रिकामा डबा, हाड, जुनी ट्यूब असा घरातला टाकाऊ माल रांगेत उभा राहून युद्धकामात भरती व्हायला निघतो. कचरा वेगळा करून द्या, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्याच फिल्म अशा कामाच्या नव्हत्या. काहींना कृती सांगायची नव्हती, मनोबल राखायचे होते. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब पडत असताना हंफ्री जेनिंग्ज आणि हॅरी वॉट यांनी 'लंडन कॅन टेक इट!' ही सुमारे नऊ मिनिटांची फिल्म केली. संध्याकाळी लोक घरी परततात, भोंगे वाजतात, रात्रभर तोफा आणि स्फोट चालतात आणि सकाळी माणसे ढिगाऱ्यांतून वाट काढत कामाला निघतात, एवढेच त्यात आहे. निवेदन क्वेंटिन रेनल्ड्स या अमेरिकन पत्रकाराचे आहे, कारण ही फिल्म तेव्हा युद्धात नसलेल्या अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी होती आणि ब्रिटिश निवेदकाने केलेली ब्रिटनची स्तुती तिथे कुणाला पटली नसती. जेनिंग्ज यांची १९४२ सालची 'लिसन टू ब्रिटन' आणखी पुढे जाते. तिच्यात निवेदनच नाही. कारखान्याच्या उपाहारगृहात फ्लॅनगन आणि ॲलन ही विनोदी गायकांची जोडी गात असते, तो सूर विरता विरता नॅशनल गॅलरीत मायरा हेस वाजवत असलेल्या मोत्सार्टच्या पियानोत मिसळतो. कामगार आणि ही मैफल ऐकायला आलेली राणी एकाच ध्वनिपटावर येतात आणि त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. परदेशातल्या प्रेक्षकांना हे कळणार नाही या शंकेने पुढे तिला एक बोलकी प्रस्तावना जोडली गेली. अधिकाऱ्यांची ती भीती आज अनाठायी वाटते. मला विचाराल तर त्या प्रस्तावनेशिवायच ही फिल्म पाहावी.

युद्ध संपले, टंचाई संपली नाही. उलट युद्धात कधीही रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षे राहिला. १९४७ च्या हिवाळ्यात कोळसा तुटला, वीज गेली, कारखाने थांबले. मांसावरचे रेशन उठायला ४ जुलै १९५४ उजाडला. माहिती मंत्रालय बंद करून १ एप्रिल १९४६ पासून 'सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन' सुरू झाले. फरक महत्त्वाचा होता. आता मंत्री नव्हता, वेगवेगळ्या खात्यांसाठी काम करून देणारे ते कार्यालय होते. ॲटली यांच्या मजूर पक्षाच्या सरकारला मात्र लोकांना खूप काही सांगायचे होते : राष्ट्रीय विमा, नवी शहरे, नव्या शाळा आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा.

हलास आणि बॅचलर यांनी यासाठी चार्ली नावाचा एक कार्टून-नागरिक तयार केला. तो चौकस आणि थोडा कुरकुऱ्या आहे. सरकारने काही सांगितले की त्याचा पहिला प्रश्न असतो, यात माझे काय? ५ जुलै १९४८ रोजी सुरू होणाऱ्या आरोग्य सेवेची माहिती देणाऱ्या 'युअर व्हेरी गुड हेल्थ'मध्ये चार्ली सायकलवरून चाललेला असतो आणि निवेदक त्याला विचारतो की समज, तू आत्ता पडलास तर? मग डॉक्टर, रुग्णालय, बायकोचे आजारपण असा एकेक प्रसंग मांडून खर्च कुणाचा, कसा, हे उलगडते. चार्लीची खात्री पटते तेव्हा त्याच्याहून सुखवस्तू असलेला शेजारी जॉर्ज आक्षेप घेतो की माझा माझा डॉक्टर आहे, मला याचे काय करायचे? त्याची समजूत आता निवेदक घालत नाही, चार्लीच घालतो. प्रेक्षकाच्या मनातली शंका पडद्यावरच्याच कुणीतरी बोलून दाखवावी आणि तिचे उत्तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावे, ही युक्ती आजच्या कोणत्याही सरकारी योजनेच्या प्रचारकाने अभ्यासावी अशी आहे.

मात्र इथेच एक खरा वाद उभा राहिला. युद्धात देश एक होता, शांततेत दोन पक्ष होते. आरोग्य सेवा हा संसदेने केलेला कायदा होता, म्हणून तो समजावून सांगणे ही माहिती झाली. पण तो मजूर पक्षाचा जिव्हाळ्याचा कार्यक्रमही होता, म्हणून विरोधकांना ती करदात्याच्या पैशाने केलेली पक्षाची जाहिरात वाटली. मॅसिंगहॅम यांच्या १९४८ सालच्या 'व्हॉट अ लाइफ!'मध्ये देशाच्या अवस्थेने खचलेले दोन मित्र समुद्रात जीव द्यायला निघतात आणि पाणी उथळच निघते. हसा, एवढेच तिचे सांगणे. त्यावरून थेट संसदेत खर्चाची विचारणा झाली. हा आक्षेप मला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही. कोणती कृती करावी हे या फिल्ममध्ये सांगितलेले नाही, फक्त मनःस्थिती बदला असे आहे, आणि नागरिकाने कोणत्या मनःस्थितीत असावे हे ठरवण्याचा अधिकार शांततेच्या काळात सरकारला नसतो. १९५१ च्या निवडणुकीत हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९५२ मध्ये काटकसर म्हणून क्राउन फिल्म युनिट बंद करण्यात आले.

या फिल्मचा उपयोग किती झाला, हे मोजणे कठीण आहे. घटसर्पाचे उदाहरण घ्या. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये या रोगाचे साठ हजारांच्या आसपास रुग्ण होते आणि तीन हजारांहून अधिक मृत्यू झाले, त्यांत बहुतेक मुले. युद्धकाळात देशभर लसीकरण सुरू झाले आणि फिल्म, भित्तीपत्रके, रेडिओ या सर्वांतून आईवडिलांना आवाहन केले गेले. १९५७ पर्यंत रुग्णसंख्या चाळिसाच्या आत आली. रोग लशीने हटवला, फिल्मने नव्हे, पण मोफत लस दवाखान्यात पडून राहिली असती तर तिचाही उपयोग नव्हता. उलट उदाहरण मोटारीतल्या पट्ट्याचे. सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीवर पट्टा लावा असे वर्षानुवर्षे सांगूनही निम्म्याहून अधिक लोक तो लावत नसत. ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या आसनांसाठी कायदा आला आणि प्रमाण लगोलग नव्वद टक्क्यांच्या वर गेले.

दूरचित्रवाणी आल्यावर या फिल्मचे रूप पालटले. बीबीसी आणि १९५५ मध्ये सुरू झालेली आयटीव्ही या वाहिन्या दोन कार्यक्रमांमधली मोकळी जागा भरायला त्या विनामूल्य दाखवत. आता प्रेक्षकांत घरी एकटी असलेली मुलेही होती आणि सत्तरच्या दशकात भीतीचा वापर वाढला. १९७३ सालच्या एका दीड मिनिटाच्या फिल्ममध्ये काळा झगा घातलेली एक आकृती डबक्यांच्या काठी उभी असते आणि डोनल्ड प्लेझन्स यांच्या थंड आवाजात, बेफिकीर मुलांची वाट पाहत असल्याचे सांगते. शहाण्या मुलांपुढे तिचे काही चालत नाही. ज्या पिढीने ही लहानपणी पाहिली तिला ती आजही विसरता आलेली नाही. धोकादायक पाण्याजवळ जाऊ नका, ही कृती स्पष्ट होती, म्हणून मी ती भीती समजू शकतो. १९७७ मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी जॉन क्रिश यांनी केलेली 'द फिनिशिंग लाइन' मात्र हद्द ओलांडून गेली. रुळांवर शाळेचा क्रीडादिन भरला आहे अशी एका मुलाची कल्पना त्यात आहे. धावत्या गाडीसमोरून पलीकडे जाणे, गाडीवर दगड मारणे, बोगद्यातून चालणे अशा स्पर्धा होतात आणि एकेक करून मुले जखमी होतात, मरतात. ती शाळांतून दाखवली जाऊ लागली तसा पालकांचा विरोध वाढला आणि १९७९ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

आणि काही फिल्म अशा होत्या की त्या कुणीही पाहू नयेत या हिशेबानेच त्या करून ठेवल्या होत्या. सत्तरच्या दशकाच्या मध्याला 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची छोट्या कार्टून-भागांची एक मालिका तयार झाली. अणुयुद्ध अटळ दिसू लागले तरच ती दूरचित्रवाणीवरून दाखवायची, असे ठरले होते. तिची रीत तीच जुनी होती : शांत आवाज, साधी चित्रे, एका वेळी एक सूचना. घरातल्या आतल्या खोलीत भिंतीला दारे तिरकी टेकवून त्यांवर माती किंवा वाळूच्या पिशव्या रचा. चौदा दिवसांचे अन्न आणि पाणी साठवा. घरात कुणी दगावले तर प्रेत दुसऱ्या खोलीत न्या, गुंडाळा, त्यावर नावाची चिठ्ठी लावा. मार्च १९८० मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' या कार्यक्रमाने त्यांतले काही भाग लोकांसमोर आणले. मे महिन्यात सरकारने त्याच नावाची पुस्तिका पन्नास पेन्सना विकायला काढली. लोकांनी ती वाचली आणि त्यातल्या सूचना पाळण्यासारख्या आहेत असे फारच थोड्यांना वाटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात अण्वस्त्रविरोधी मोर्चाला हजारोंचा जमाव लोटला, आणि त्यानंतरची अनेक वर्षे ही पुस्तिका त्या चळवळीच्याच हातातले साधन होऊन राहिली.